बुधवारच्या प्रार्थनेतलं नाव

पाद्रीसाहेब, मेमसाहेब, मंडळीचे वडील, शाळेतली मुलं, बाजारातून आलेली माणसं, आणि बाहेर ओट्यावर बसलेले देवासचे पाहुणे, सगळ्यांना माझा सलाम.

मी सगुणा. दवाखान्यात जखमा धुणारी, पट्ट्या बांधणारी. तुमच्यापैकी बहुतेकांच्या अंगाला कधी ना कधी माझा हात लागलाय, तेव्हा जास्त ओळख सांगायला नको. पण आज त्या हाताकडे बघू नका. तो थरथरतोय, म्हणून मी या खुर्चीची पाठ धरून उभी आहे. कोणाला वाटेल, बाई रडून थकली असेल. रडले, ते खरंच. पण हात थरथरतोय तो रडण्यानं नाही, भीतीनं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच माझा आवाज गेला तर तुम्ही विचारायला नको, बाईला काय झालं.

भीती कशाची, तेही सांगते. गोविंदराव मास्तर गेले त्या दुपारी त्यांच्या खाटेपाशी मी एकटी होते. त्यांच्या पत्नी मार्थाबाई स्वतः तापानं दुसऱ्या झोपडीत पडून होत्या. प्लेगच्या झोपड्यांत दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. त्यात कोणाची चूक नाही, मीसुद्धा पदर तोंडाला बांधून बसत होते. तर मास्तरांचं शेवटचं बोलणं ऐकलं ते माझ्या या दोन कानांनी, आणखी कोणी नाही.

आणि आपल्या मंडळीची एक रीत आहे. माणूस गेला, की त्याच्या उशाशी जो होता त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, की हा विश्वासात गेला. ती साक्ष ऐकून वडील ठरवतात. मास्तरांचं नाव मंडळीत ठेवायचं की काढायचं, हे आज या सभेनंतर ठरणार आहे. नाव राहिलं तर मार्थाबाई मिशनच्या आवारातल्या आपल्या खोलीत राहतील. नाव गेलं तर खोलीही जाईल. मार्थाबाई, तुम्ही खाली बघू नका. मला तुमचं तोंड दिसू द्या. मला धीर येतो.

सभेला येताना शमुवेलदादा मला पायरीपाशी भेटले. शमुवेलदादा आपल्या मंडळीचे वडील, माणूस मायेचा. म्हणाले, "सगुणाबाई, फार लांबण लावू नका. मास्तरांनी शेवटी प्रभूचं नाव घेतलं की नाही?" मी म्हटलं, घेतलं. म्हणाले, "बस. एवढंच सांगा आणि बसा. पुढचं मी सांभाळतो."

आणि ते खोटं नाही, बरं का. मास्तरांनी प्रभूचं नाव घेतलं. मी इथेच थांबले आणि खाली बसले, तर मी खोटं बोलले असं कोणी म्हणणार नाही. साहेबांचं समाधान होईल. मार्थाबाईंच्या डोक्यावर छप्पर राहील. माझी दवाखान्यातली जागा राहील. सकाळपासून मी हेच घोकत होते. प्रभूचं नाव घेतलं, बस. प्रभूचं नाव घेतलं, बस.

पण मी अजून उभीच आहे, बघताय ना तुम्ही.

मास्तर देवासचे. दरबारातल्या कारकुनाच्या घरातले. त्यांची मराठी तुम्ही ऐकलीत. आम्ही धारवाले अर्धं मराठी बोलतो, अर्धं हिंदी, वर मालवीची फोडणी. मास्तर मात्र बकरीलासुद्धा "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणायचे. मुलं त्यांची नक्कल करायची. ते मास्तरांना ठाऊक होतं, आणि नक्कल चुकली तर ते दुरुस्त करून द्यायचे. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी पगडी सोडली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बाप्तिस्म्याच्या वेळी काढली होती, पुरे झालं." आणि पालीला भ्यायचे. वर्गात पाल दिसली, की एखाद्या धीट मुलीच्या हातात झाडू द्यायचे आणि स्वतः ओट्यावर जाऊन उभे राहायचे.

हसलात. हसा. ते भित्रे होते, हे मला तुम्हाला सांगायचंच आहे. कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, की हा मोठा बंडखोर असेल, मोठ्या छातीचा असेल. तसं काही नव्हतं. ते मला म्हणायचे, "सगुणाबाई, या आवारात दोनच भित्री माणसं. एक तुम्ही, एक मी. बाकी सगळ्यांची खात्री झालेली आहे."

त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देवासच्या घरी त्यांचा घट फोडला. मुलांनो, तुम्हाला हे ठाऊक नसेल. घरातला माणूस धर्म सोडून गेला, की तो मेला असं धरतात. पाण्यानं भरलेला घट फोडतात, घरची माणसं आंघोळी करतात, आणि त्याचं नाव मेलेल्यांत जातं. माणूस इकडे जेवतोय, शाळेत पाढे शिकवतोय, आणि तिकडे त्याचं सुतक फिटलेलं असतं. मास्तर यावर कधी फार बोलत नसत. एवढंच म्हणत, "माझं मरण आटोपलंय, आता निवांत आहे."

निवांत नव्हते ते. ते मला कुक्षीला कळलं.

आम्ही प्रचाराच्या दौऱ्यावर कुक्षीला गेलो होतो. बैलगाडीत मास्तर, मार्थाबाई, औषधांची पेटी घेऊन मी, आणि बाहेरून आलेले एक उपदेशक. त्यांच्याजवळ पडद्यावर चित्रं दाखवायचा दिवा होता. दिवेलागणीला बाजारात एक पांढरं धोतर ताणून बांधलं आणि त्यावर चित्रं सुरू झाली. गोठ्यातलं बाळ आलं, मेंढपाळ आला, वधस्तंभ आला. लोक बसून बघत होते. शेवटचं चित्र आगीचं होतं. आगीत माणसं, तोंडं वर केलेली. उपदेशक म्हणाले, ज्यांनी प्रभूला मानलं नाही ते सगळे इथे आहेत, आणि ही आग कधी विझायची नाही.

मी पेटी धरून उभी होते. मला माझे धनी आठवले.

माझे धनी पागेत जीनगर होते. सरकारी घोड्यांची खोगिरं शिवायचे. पटकीनं गेले, सकाळी कामावर होते आणि संध्याकाळी नव्हते. मी तेव्हा ख्रिस्ती नव्हते. ते तर नव्हतेच, ख्रिस्ताचं नाव त्यांच्या कानावर धड पडलंही नसेल. तलावाच्या पलीकडे त्यांना अग्नी दिला. बायका मसणात जात नाहीत, मी लांबून धूर बघितला. तो धूर थांबला तेव्हा मला वाटलं, सुटले. मग मी दवाखान्यात कामाला लागले, प्रभूची झाले, आणि मला सांगण्यात आलं, की ती आग थांबलेलीच नाही.

मी भीती म्हणते ती ही. तेव्हापासून मी चूल पेटवते ती तोंड फिरवून. प्रभूवर माझं प्रेम आहे, ते कोणाला दाखवायला नाही, खरंच आहे. एकटी पडले होते तेव्हा त्यानंच मला उचललं. आणि त्याच प्रभूनं माझ्या धन्याला तिथे ठेवलंय, असंही मी मानायचं. ही दोन्ही एका छातीत कशी ठेवायची, ते मला कोणी शिकवलं नाही. तुम्हाला येतं का? तुमच्यापैकी किती जणांचे आईबाप बाप्तिस्मा घेऊन मेले? मी विचारतेय, उत्तर देऊ नका.

तर कुक्षीला चित्रं संपली आणि एक म्हातारा पुढे आला, खांद्यावर घोंगडी. उपदेशकांकडे गेला नाही, मास्तरांकडे आला. म्हणाला, "मास्टर भिया, म्हारी माय वठे हे कंई?" माझी आई तिथे आहे का, म्हणाला.

मास्तरांना उत्तर पाठ होतं. आपल्या सगळ्यांनाच पाठ असतं. तरी त्यांनी ते दिलं नाही. म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाबा." म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं त्यांच्या हाताला हात लावला, जणू यांचंच कोणी गेलं असावं.

त्यानंतर काही दिवसांनी देवासची बातमी आली, की मास्तरांची आई, राधाबाई, गेल्या. तीही घरून आली नाही, बाजारात एका ओळखीच्या माणसानं सहज सांगितली. मेलेल्या मुलाला आईचं सुतक कोण कळवणार? आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी ते सुरू केलं.

बुधवारच्या प्रार्थनेची रीत बाजारातल्या पाहुण्यांसाठी सांगते. ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, संकटात आहे, तो उभा राहून त्या माणसाचं नाव घेतो, आणि सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. नाव जिवंत माणसाचं घ्यायचं. मेलेल्याचं घ्यायचं नाही, कारण मेलेल्याचा निकाल लागलेला असतो, असं आपल्याला शिकवलंय. त्या बुधवारी मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "राधाबाई, देवास. फार लांब आहेत. प्रभूनं त्यांना सांभाळावं."

आपण आमेन म्हटलं. मला ठाऊक होतं त्या गेल्यात. शमुवेलदादा, तुम्हालाही ठाऊक होतं. आपण म्हटलं, दुःखात आहे बिचारा, थोडे दिवस म्हणेल आणि सोडून देईल. त्यांनी सोडलं नाही. दर बुधवारी राधाबाई, देवास, फार लांब आहेत. आणि दर बुधवारी आपण आमेन.

ठाऊक नव्हतं ते एकट्या पाद्रीसाहेबांना. साहेब, तुम्ही तेव्हा नवे होतात. मनानं सरळ. तुम्हाला वाटलं, बाई फार दिवस अंथरुणाला खिळली आहे. इंदूरला मिशनच्या बैठकीला गेलात, आणि तिथून मुद्दाम टांगा करून देवासला गेलात. बरोबर तापाच्या औषधाची बाटली, आरारोटचा डबा आणि मेमसाहेबांनी स्वतः विणलेली लोकरीची शाल. दारात उभं राहून तुम्ही आपल्या मराठीत विचारलंत, "राधाबाई कशा आहेत? आम्ही त्यांच्यासाठी दर बुधवारी प्रार्थना करतो."

दार उघडलं ते मास्तरांच्या धाकट्या भावानं. दत्तोपंत, तेच हे, बाहेर बसलेत. दत्तोपंत, तुम्ही आत येणार नाही, मला ठाऊक आहे, आणि तुम्ही इथवर आलात हेच पुष्कळ. तुमच्या घरचं मी सांगतेय, चुकलं तर तिथूनच टोका. तुम्ही साहेबांना म्हणालात, आई तर केव्हाच गेली. आणि साहेब हातात शाल घेऊन तसेच उभे राहिले, तेव्हा तुम्हाला त्यांची कीव आली असेल. तुम्ही त्यांना ओसरीवर बसवलंत, आणि आईची एक गोष्ट सांगितलीत.

साहेब परत आले ते दुखावून आले. बरोबरच आहे. देवाच्या घरात आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटलं. याच खोलीत सभा बसली. मास्तर तिथे, त्या टेबलापाशी उभे होते. साहेबांनी विचारलं, "मेलेल्या बाईसाठी, बाप्तिस्मा न घेतलेल्या बाईसाठी, तुम्ही आमच्याकडून प्रार्थना करवलीत?"

"हो."

"का?"

"माझी आई आहे."

"तिचा निकाल लागला आहे, मास्तर."

मास्तरांनी पगडी नीट केली.

मग साहेब म्हणाले, तुमच्या भावानं मला काय सांगितलं ते मंडळीला कळू दे. रागानं नाही म्हणाले. लोक किती अंधारात आहेत त्याचा दाखला म्हणून म्हणाले. मास्तरांच्या घरी पितृपक्षात मेलेल्यांच्या नावानं पानं वाढतात. घट फोडलेला, म्हणून गोविंदरावांच्या नावाचंही पान वाढायला घेतलं. तर म्हातारीनं वाढू दिलं नाही. कावळ्याला घास ठेवायची वेळ झाली, की दारात आडवी बसायची. म्हणायची, "माझा गोविंदा जिवंत आहे. त्याचं नाव मेलेल्यांत घ्यायचं नाही." भटजी चिडले, घरचे चिडले. म्हातारी हलली नाही. मरेपर्यंत दर वर्षी तसंच.

साहेबांना वाटलं, एका अडाणी बाईचा हा हट्ट. पण मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं हो. घरानं आपल्याला मेलेला धरलं, त्यात आईही आली, असंच ते इतकी वर्षं समजून होते. ते खाली जमिनीवर बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं उघडं डोकं आपण कोणी पाहिलं नव्हतं, सगळे केस पांढरे होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही औषध घेऊन गेलात आणि हे घेऊन आलात. मी तुमचा ऋणी आहे."

आणि मग जे म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणाले, "माझ्या जातीनं ठरवलं मी मेलो. शास्त्री-पंडितांनी ठरवलं. एका बाईनं ते मानलं नाही. आता आपण ठरवता, तिचा निकाल लागला, तिचं नाव घेऊ नका. साहेब, या देवाची माया मोठी आहे असं ऐकलं, म्हणून मी सगळं सोडून इथे आलो. तो माझ्या आईहून कमी मायेचा निघाला, तर मी कुठे जाऊ?"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांचा उपदेश बंद झाला, बुधवारी उभं राहणं बंद झालं. शाळेत फक्त गणित शिकवायचं. ही बातमी देवासला गेली, आणि दत्तोपंतांचा निरोप आला, की परत या, प्रायश्चित्ताचं आम्ही बघतो. पुष्कळांना वाटलं, आता हा जाणार. मला म्हणाले, "छे हो. मी प्रभूला कुठे सोडलंय? त्याला मी लहान समजत होतो, तेवढं सोडलं."

दर बुधवारी ते मागच्या बाकावर बसायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्ही चुकत असाल तर?" मला वाटलं, समजूत घालतील. म्हणाले, "मग त्या आगीत मीही जाणार. रोज भीती वाटते, सगुणाबाई. जेवताना घास अडकतो. पण नाव घेतल्याशिवाय राहवत नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "आई तिथे असलीच, तर निदान एक ओळखीचं माणूस भेटेल."

असे होते. भीतीतही असं काहीतरी बोलायचे, की हसू यावं आणि अंगावर काटाही यावा.

मग साथ आली. गाव रिकामं झालं, माळावर झोपड्या पडल्या. पालीला भिणारा हा माणूस, मेलेले उंदीर पडलेल्या घरांतून माणसं उचलून आणत होता. सगळ्या जातींची. जो कोणी शेवटाला आलेला असेल, त्याच्याशी बसायचे. आपण काय विचारतो? विश्वास ठेवतोस का, असं विचारतो. मास्तर ते विचारत नसत. विचारायचे, "तुमच्यासाठी कोणाचं नाव घेऊ?" आणि माणसं सांगायची. कोणी बायकोचं, कोणी गेलेल्या मुलाचं. एकीनं आपल्या गाईचं सांगितलं, मास्तरांनी तेही घेतलं.

आता त्या दुपारचं सांगते. पाणी द्या कोणी. नको, राहू दे, भांडं हातातून पडेल.

दुपारचं ऊन होतं. मास्तर तापलेले होते, काखेत गाठ आली होती. मेमसाहेबांनी तीच शाल झोपडीवर पाठवून दिली होती, देवासहून परत आलेली. ती त्यांच्या अंगावर होती. ती आम्ही त्यांच्याबरोबरच मातीत दिली. मी ओला फडका कपाळावर ठेवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. शुद्धीवर होते, ही माझी साक्ष. स्पष्ट म्हणाले, "प्रभू येशू." शमुवेलदादा, हे ते. इथवर तुमचं आणि माझं एक आहे.

पण त्याच श्वासात पुढे म्हणाले, "आईला सांभाळ. मला सांभाळ." आधी तिचं, मग स्वतःचं. मागे घेतलं नाही. पस्तावा केला नाही. मी वाट बघत होते, खरं सांगते. मला वाटत होतं, मास्तर, आता तरी म्हणा की मी चुकलो, म्हणजे सगळ्यांची सुटका होईल. नाही म्हणाले.

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "सगुणाबाई, तुमच्यासाठी कोणाचं नाव घेऊ?"

मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला ठाऊक आहे. मी नाव कसं घेऊ?"

बायकांनो, तुम्हाला सांगायला नको. आपण धन्याचं नाव घेत नाही. लग्नात सगळ्या मागे लागल्या म्हणून उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. पुढे कुंकू गेलं, जुने देव गेले, सण गेले, खाणंपिणं बदललं. सगळं सुटलं, हे एक सुटलं नाही. म्हणजे बघा, मंडळीची रीत म्हणते मेलेल्याचं नाव घेऊ नको, आणि घरची रीत म्हणते धन्याचं नाव घेऊ नको. माझ्या माणसाचं नाव या जगात कुणी उच्चारायचंच नाही, अशी व्यवस्था दोन्हीकडून झालेली.

मास्तर हसले. हसायला त्यांना त्रास होत होता. म्हणाले, "मग देवाला कळायचं कसं?" आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं. तर पुन्हा ओठ हलले. म्हणाले, "सगुणाबाईंचे धनी. पागेतले जीनगर. प्रभू, तू ओळखून घे."

ते त्यांचं शेवटचं बोलणं.

आता सांगा, प्रभूचं नाव घेतलं, बस, एवढं म्हणून मी खाली कशी बसू? मरताना त्या माणसाचा शेवटचा श्वास माझ्या धन्यासाठी खर्च झाला. ते मी इथे गिळून टाकलं, तर माझ्या माणसाला दुसऱ्यांदा अग्नी दिल्यासारखं होईल. शमुवेलदादा, राग धरू नका. तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत. पण उशाशी होते ती मी, आणि साक्ष अर्धी देता येत नाही. गोविंदराव मास्तरांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. आणि ते विश्वासात गेले. दोन्ही माझीच साक्ष आहे.

पाद्रीसाहेब, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही वाईट नाही. ओळख ना पाळख, अशा एका म्हातारीसाठी तुम्ही टांग्यातून धक्के खात गेलात, शाल घेऊन. ती जिवंत आहे असं समजत होतात तोवर तुम्हाला तिची काळजी होती. ती मेलीय म्हटल्यावर काळजी थांबवायची, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. मास्तर एवढंच विचारत होते, की देवाला ते कोणी शिकवलं? चित्रातला तो मेंढपाळ हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत शोधतो ना? अंधार पडला म्हणून परततो, असं तर त्या रात्री कुक्षीला कोणी सांगितलं नव्हतं. मला शास्त्र कळत नाही. चुकत असेन तर माझं मी भोगेन. मार्थाबाईंना भोगायला लावू नका. त्यांना खोलीतून काढलंत तर त्या माझ्या खोलीत येतील. मलाही काढलंत, तर दोघी कुठेतरी बघू. कुठे, ते ठाऊक नाही.

दत्तोपंत, आता भाद्रपद येईल. दारात आडवी बसणारी आता नाही, आणि यंदा तुमचा भाऊ खरोखरच गेलाय. त्यांचं पान वाढायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. वाढलंत तर इथून कोणी तुम्हाला हसणार नाही. तुम्ही डोळे पुसताय ते मला दिसतंय. पुसू नका.

तुम्हाला वाटत असेल, एवढं बोलली म्हणजे बाईची भीती गेली. नाही गेली. बसल्यावर वाढेलच. उद्या सकाळी चूल पेटवायची आहे. पण उद्या मी तोंड न फिरवता पेटवून बघणार आहे, एवढं मी ठरवलंय.

आता सगळ्यांनी उभं राहू या. मास्तरांसाठी थोडा वेळ शांत राहायचं. आणि त्या शांततेत ज्याचं नाव तुम्ही बुधवारी कधी घेऊ शकला नाहीत, त्याचं नाव घ्या. मनातल्या मनात. मोठ्यानं घ्या असं मी म्हणत नाही, भीती काय असते ते मला ठाऊक आहे. पहिलं नाव मी घेते, मोठ्यानं, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल.

प्रभू, गोविंदराव मास्तर. मार्थाबाईंचे धनी.

देवासच्या राधाबाई. फार लांब आहेत, सांभाळ.

आणि माझे धनी, पागेतले जीनगर. सखाराम.

सखाराम. घेतलं मी.

आता शांत राहू या.